गाडी थांबते, शरीर थांबत नाही

२०२३ च्या जुलै महिन्याची सुरुवात आणि शेवट, दोन्ही बुलढाणा जिल्ह्यासाठी काळरात्री ठरल्या. १ जुलैला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ, पिंपळखुटा गावालगत लोखंडी खांबाला आणि मग दुभाजकाला धडकली, उलटली आणि पेटली. बसमधल्या ३३ जणांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला. २९ जुलैला पहाट होण्याआधीच मलकापूरच्या उड्डाणपुलावर दोन खासगी बस समोरासमोर आदळल्या. एक अमरनाथ यात्रेकरूंना घेऊन हिंगोलीकडे परतत होती, दुसरी नाशिककडे चालली होती. त्यात ६ प्रवासी दगावले.

अशा प्रत्येक अपघातानंतर चर्चा होते ती चालकाच्या डुलकीची, फुटलेल्या टायरची, ओव्हरटेकच्या घाईची. पिंपळखुट्याच्या अपघातातही चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात मात्र तसा पुरावा मिळाला नाही. ही चर्चा व्हायलाच हवी. पण ‘अपघात का झाला?’ आणि ‘अपघातात माणूस का दगावला?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर प्रत्येक अपघातात निराळे असते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते आणि ते नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या ‘गतीचे नियम’ या धड्यात आहे. परीक्षेसाठी पाठ करून विसरलेल्या दोन शब्दांत ते सामावले आहे: संवेग आणि आवेग.

प्रवासीही गाडीइतकाच वेगात असतो

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत ६० किलो वजनाचा प्रवासी बसला असेल, तर त्याचा संवेग ६० गुणिले २०, म्हणजे १,२०० एकक होतो. तो खिडकीला डोके टेकवून झोपला असेल, स्वतः बोटही हलवत नसेल; तरी रस्त्याच्या हिशेबाने तो सेकंदाला २० मीटर धावतोच आहे. गाडीत बसल्यावर हा वेग जाणवत नाही आणि धोका विसरण्याचे मूळ तिथेच आहे.

गाडी थांबायची असेल तर तिच्याबरोबर प्रवाशाचा १,२०० चा संवेगही शून्यावर यायला हवा. हळूच ब्रेक लावला काय किंवा खांबावर आदळली काय, बदल तेवढाच. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला दुसरा नियम सांगतो, की हा बदल घडवायला बल लागते आणि बल गुणिले ते लागू राहिलेला वेळ म्हणजेच संवेगातला बदल. या गुणाकाराला आवेग म्हणतात. गुणाकार ठरलेला आहे, म्हणून वेळ कमी झाला की बल वाढणारच.

हिशेब सोपा आहे. चालकाने ब्रेक लावून गाडी ४ सेकंदांत थांबवली, तर त्या प्रवाशावर सरासरी ३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३० किलो वजनाएवढे बल पडते. अंग थोडे पुढे झुकते, एवढेच. गाडी धडकली आणि सीट बेल्टमुळे तो सेकंदाच्या एक दशांश वेळात थांबला, तर बल होते १२ हजार न्यूटन, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. बरगड्या दुखावतील, पट्ट्याचा वळ उठेल, पण माणूस वाचू शकतो. पट्टा नसेल तर गाडी थांबली तरी तो त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आदळून सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात थांबतो. तेव्हा बल दहापट, म्हणजे १२ टन. तेही छाती किंवा कपाळाच्या हातभर जागेत.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. कडब्याच्या गंजीवरून पाय घसरून माणूस भुसाच्या ढिगात पडला तर अंग झटकून उठतो. तेवढ्याच उंचीवरून टणक खळ्यावर पडला तर हाड मोडते. जमिनीजवळ येताना वेग दोन्हीकडे सारखाच असतो. भूस दबत जाते, थांबायला वेळ देते. खळे देत नाही.

अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी हे स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेटच्या घसरगाडीवर पट्ट्यांनी जखडून ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेले आणि सुमारे १.४ सेकंदांत थांबले. त्यांच्यावर क्षणभर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जगले. वेग स्वतः माणसाला मारत नाही, वेग संपण्याची पद्धत मारते.

एका अपघातात तीन धडका

वैद्यकीय भाषेत अपघात म्हणजे एक नव्हे, लागोपाठ तीन धडका. पहिली गाडीची: खांबावर, दुभाजकावर किंवा दुसऱ्या गाडीवर. दुसरी शरीराची: स्टिअरिंग, काच, पुढची सीट किंवा शेजारच्या प्रवाशावर. तिसरी बाहेरून दिसत नाही. ती शरीराच्या आतल्या अवयवांची असते.

कवटी थांबते तेव्हा आतला मेंदू थांबलेला नसतो. तो पुढे जाऊन कवटीच्या आतल्या बाजूवर आपटतो आणि कधी उसळून मागच्या बाजूवरही. म्हणून कपाळाला मार लागूनही रक्तस्राव डोक्याच्या मागे सापडतो. छाती थांबते, पण हृदय पुढे झेपावते. त्याला जोडलेल्या महाधमनीचा एक भाग पाठीच्या कण्याजवळ पक्का धरलेला असतो. सुटा भाग पुढे आणि पक्का भाग मागे, या ओढाताणीत धमनी चिरते. यकृत आणि प्लीहा हे रक्ताने भरलेले मऊ अवयव अशाच झटक्याने फाटतात.

३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर बसले होते. शवविच्छेदनात मानेच्या मणक्याला आणि यकृताला झालेली इजा आढळली. मागच्या सीटचा पट्टा केवळ शोभेचा असतो हा गैरसमज घातक आहे, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री आणि स्वतः डॉक्टर असलेले हर्षवर्धन यांनी त्यानंतर बोलून दाखवले होते.

तिसऱ्या धडकेमुळे एक मोठी फसगत होते. अपघातानंतर माणूस उठतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो, घरी फोनही करतो आणि काही तासांनी कोसळतो. पोटात हळूहळू रक्त साचत असते किंवा कवटी आणि मेंदूच्या आवरणादरम्यान गाठ वाढत असते. म्हणून वेगाच्या अपघातातून सुटलेल्या व्यक्तीला जखम दिसत नसली तरी रुग्णालयात दाखवलेच पाहिजे. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, झापड, पोट टणक होणे, थंड घाम, चक्कर, डाव्या खांद्यात अकारण वेदना यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नये.

समोरासमोर: बल सारखे, नुकसान वेगळे

समोरासमोरच्या धडकेबद्दल एक समज सगळीकडे ऐकू येतो: दोन्ही गाड्या साठच्या वेगाने आल्या, म्हणजे एकशेवीसने भिंतीवर आदळल्यासारखे. हे बरोबर नाही. सारख्या वजनाच्या दोन बस सारख्या वेगाने समोरासमोर आल्या तर त्यांचे संवेग सारखे पण उलट दिशेचे असतात. बेरीज शून्य होते आणि दोन्ही जागेवर थांबतात. प्रत्येक बसचा वेग साठवरून शून्यावर आला, म्हणजे साठने भिंतीवर आदळल्यासारखेच. अर्थात तेही काही कमी नाही.

गाड्या असमान असतील तर गणित निर्दयी होते. समजा १४ टनांची बस आणि २ टनांची जीप, दोन्ही ताशी ६० किलोमीटरने एकमेकींवर आदळून एकत्र अडकल्या. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने धडकेनंतर दोन्ही मिळून बसच्या दिशेने ४५ च्या वेगाने सरकतील. बसचा वेग फक्त १५ ने बदलला. जीप मात्र ६० ने पुढे जात होती ती ४५ ने मागे ढकलली गेली. बदल १०५ चा. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघींवरचे बल अगदी सारखे असते, पण ते सोसणारे वस्तुमान सारखे नसते. बसमधला प्रवासी सीटवरून पडतो आणि जीपमधला वाचत नाही, याचे कारण हेच. २ एप्रिल २०२५ रोजी पहाटे खामगाव-शेगाव रस्त्यावर जीप आणि एसटी बसची धडक झाली आणि मागून आलेली खासगी बसही त्यांच्यावर आदळली. त्यात ५ जणांचा जीव गेला.

दुचाकीचा हिशेब याहून वाईट. दोघे बसलेली मोटारसायकल ३०० किलोच्या आसपास भरते. समोरून येणाऱ्या बसचा वेग तिच्या धडकेने ताशी दोन-तीन किलोमीटरही कमी होत नाही. सगळा बदल दुचाकीवरच्या दोघांच्या वाट्याला येतो. रस्त्यावर बंद पडलेला ट्रक किंवा उसाची भरलेली ट्रॉलीही मागून येणाऱ्या कारसाठी जवळजवळ भिंतच. त्यात कारचा पुढचा भाग ट्रकखाली घुसतो आणि धडक थेट काचेशी, डोक्याच्या उंचीवर होते. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावण्याचा खर्च शे-दोनशे रुपयांचा असतो, तो यासाठी.

वीस किलोमीटरचा फरक

संवेग वेगाच्या पटीत वाढतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला की पत्रा चेपणारी, हाडे मोडणारी ऊर्जा चौपट होते. उंचीच्या भाषेत सांगायचे तर ताशी ७२ ची धडक म्हणजे सुमारे २० मीटर उंचीवरून, सहाव्या-सातव्या मजल्यावरून खाली पडणे. १०० ची धडक म्हणजे ३९ मीटरवरून आणि १२० ची म्हणजे ५६ मीटरवरून.

वेगाच्या वर्गाचा सर्वांत मोठा पुरावा याच जिल्ह्यात आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ही बेसॉल्टच्या खडकावर अवकाशातून आलेल्या दगडाची धडक. अशा दगडाला पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणच सेकंदाला किमान ११ किलोमीटरचा वेग देते. त्या वेगाला एक किलो दगडात एक किलो टीएनटी स्फोटकाच्या सुमारे १५ पट ऊर्जा असते. दगडात दारू नव्हती. वेग होता, आणि तो क्षणार्धात संपला.

रस्त्यावर हा वर्ग कसा फसवतो ते पाहा. दोन सारख्या कार शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ८० ने, दुसरी १०० ने. समोर अचानक जनावर आले. दोन्ही चालकांना ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद लागला. रस्ता कोरडा, टायर चांगले. ८० ची कार साधारण ६९ मीटरवर थांबते. त्याच जागी १०० ची कार थांबायच्या बेतात असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती तिथे अजून ताशी ७० हून अधिक वेगात असते. दीड सेकंदात ती जास्त अंतर कापते आणि उरलेल्या अंतरात वेगाच्या वर्गाशी झुंजताना ब्रेक कमी पडतो. समृद्धी महामार्गावर कारसाठी १२०, बससाठी १०० आणि मालवाहू गाड्यांसाठी ८० अशा वेगळ्या मर्यादा आहेत, त्यामागेही हाच हिशेब आहे: जेवढे वस्तुमान जास्त, तेवढा मोडून काढायचा संवेग मोठा.

वेळ विकत घेणारी साधने

धडक टळली नाही, तर करण्यासारखी गोष्ट एकच उरते: थांबण्याचा वेळ वाढवणे. गाडीतले बहुतेक सुरक्षा साधन हेच करते. मर्सिडीजमधले अभियंते बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकात एक उलटी वाटणारी कल्पना मांडली: गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यायचा, मधली खोली मात्र मजबूत ठेवायची. बॉनेट चेपण्यात जो वेळ जातो तो आत बसलेल्यांना मिळतो. ‘जुन्या गाड्यांचा पत्रा काय जाड होता!’ हे कौतुक म्हणूनच फसवे आहे. पत्रा चेपला नाही तर माणूस चेपतो. नव्या कारला पुढे लोखंडी ‘बंपर गार्ड’ बसवणारे हा चुरगळण्याचा वेळच काढून घेतात.

व्हॉल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांसाठी खुले ठेवले. हा पट्टा शरीराला गाडीशी बांधतो, म्हणजे गाडीला चुरगळताना मिळालेला वेळ माणसालाही मिळतो. शिवाय बल खांदा, छाती आणि ओटीपोटाच्या हाडांवर वाटले जाते. एअरबॅग हा पट्ट्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. पट्टा न लावता पुढे फेकला गेलेला माणूस फुगत असलेल्या पिशवीवर आदळला तर तीच इजा करू शकते.

हेल्मेटचे महत्त्व बाहेरच्या कवचापेक्षा आतल्या थर्माकोलसारख्या थरात आहे. दुचाकीवरून डोके दीड मीटर उंचीवरून डांबरावर आपटले आणि दोन मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५० पट भार येतो. हेल्मेटचा थर दोन सेंटिमीटर दबला तर तोच भार ७५ पट. दोन बोटांच्या थराने दहाव्या हिश्श्यावर आणलेला हा भार जीवन-मरणाचा फरक असतो. पण थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठा मार बसलेले हेल्मेट टाकून द्यावे. पट्टी न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधीच उडून जाते. आयएसआय चिन्ह नसलेल्या, आत नुसता स्पंज असलेल्या टोपीचा उपयोग दंड चुकवण्यापुरताच.

रस्त्यालाही वेळ देता येतो. ताशी १०० ने जाणारी गाडी कडेच्या लांब लोखंडी कठड्याला १५ अंशांच्या तिरक्या कोनात घासली, तर कठड्याकडे जाणारा तिचा वेग फक्त २६ च्या आसपास असतो. तेवढाच मोडावा लागतो आणि कठडा वाकत-वाकत तो मोडतो. उरलेला वेग पुढच्या दिशेने राहतो आणि हळूहळू कमी होतो. तीच गाडी खांबावर आदळली तर पूर्ण १०० चा हिशेब एका फुटाच्या जागेत आणि क्षणभरात चुकता होतो. म्हणून रस्त्याच्या कडेला उघडे खांब, कठड्यांची टोकदार तोंडे, पुलांचे उघडे कोपरे ठेवू नयेत, असा रस्ता सुरक्षेचा आग्रह असतो. पिंपळखुट्याला बहुतेकांचा जीव आगीने घेतला, पण आगीच्या आधी खांब आणि दुभाजक होते.

आपल्या हातात काय?

कारमध्ये मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. कायद्याने तो सक्तीचा आहेच. मागचा बिनपट्ट्याचा प्रवासी धडकेत पुढच्या माणसावर आदळतो, म्हणजे तो दुसऱ्याच्याही जिवावर उठतो.

बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसू नये. ताशी ५० च्या धडकेत १० किलोचे बाळ धरून ठेवायला १४० किलो ओढण्याइतकी ताकद लागते. ती कोणत्याही आईच्या हातात नसते. बाळासाठी मागच्या सीटवर वेगळी बांधलेली खुर्ची हवी. मागच्या काचेजवळ ठेवलेला पाण्याचा जार किंवा अवजारही गाडी थांबल्यावर त्याच वेगाने पुढे येते.

रात्रीच्या खासगी बसमध्ये पट्टा असेल तर झोपतानाही लावावा. जड सामान डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता खाली डिकीत द्यावे. बसल्याबरोबर आपत्कालीन खिडकी आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते पाहून ठेवावे. बस दाराच्या बाजूला उलटली तर तीच वाट उरते.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा. जखमीला आगीचा किंवा दुसऱ्या गाडीच्या धडकेचा धोका नसेल तर हातपाय धरून ओढू नये. मानेचा मणका दुखावलेला असू शकतो. डोके आणि मान एका रेषेत धरून ठेवावी. मदत करणाऱ्याला पोलिसी चौकशीचा त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे त्या भीतीने पुढे निघून जाऊ नये.

आणि वेग. मेहकर ते सिंदखेडराजा हे साधारण ५० किलोमीटरचे अंतर १२० ऐवजी १०० ने कापले तर पाच मिनिटे जास्त लागतात. त्या पाच मिनिटांच्या बदल्यात धडकेची ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने कमी होते.